ठेंगूची करंगळी

कुलूपकाकांना त्यांच्या खऱ्या नावानं कुणी हाक मारली असती, तर त्यांनी मागं वळूनही पाहिलं नसतं. हे टोपणनाव त्यांना पडलं ते ठेंगूमुळं. ठेंगू म्हणजे त्यांचा ट्रॅक्टर. एखाद्या मोठ्या ट्रॅक्टरशेजारी उभा केला तर त्याचा नातू वाटावा एवढाच. एकेकाळी निळा होता, नंतर नंतर रंग कुठला ते सांगणं कठीण झालं. पण काकांची फळबाग उतारावरची, झाडांच्या ओळी एकमेकींना खेटून. तिथं मोठ्याची डाळ शिजत नसे. ठेंगू मात्र फांद्यांखालून मान खाली घालून जायचा, फवारणीची टाकी ओढायचा, गवत कापायचा, आणि तोडणीच्या दिवसांत पेट्यांनी भरलेली गाडी ओढत फाटकापर्यंत असा ऐटीत यायचा, की जणू सगळी फळं त्यानंच पिकवली.

शेजारच्या दूधवाल्याचा ट्रॅक्टर चोरीला गेला, तिथून सगळं सुरू झालं. दूधवाल्यानं चाकातून साखळी ओवून तिला भलंमोठं कुलूप लावलं होतं. चोरांनी साखळीची एक कडी कापली, ट्रॅक्टर नेला, आणि साखळी कुलपासकट तिथंच ठेवली. दूधवाला पुढं कितीतरी दिवस ते कुलूप येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होता. ‘बघा, ओरखडासुद्धा नाही! कुलूप असावं तर असं!’

काकांनी ती साखळी पाहिली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते तडक बाजारात गेले आणि पिशवीभर कुलपं घेऊन आले. फाटकाला कुलूप, शेडच्या दाराला वर एक आणि खाली एक, चाकाच्या साखळीला एक, इतकंच काय, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणालाही एक. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावला की पॅंट एका बाजूनं खाली यायची. सकाळी कामाला निघालेला हा माणूस ऊन चढेपर्यंत शेडच्या दारातच एकेक किल्ली लावून बघत उभा असायचा. तेव्हापासून ते गावाचे कुलूपकाका झाले.

“चोरांचं काही सांगता येत नाही,” काकू म्हणायच्या, “पण तुमच्यापासून ट्रॅक्टर अगदी सुरक्षित आहे हो.”

कुलपांवर भरवसा बसेना म्हणून काकांनी मोठी पांढरी बदकं पाळली. बदकं राखण करतात, कुत्र्यापेक्षा भारी, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. बदकांनी राखण केली, नाही असं नाही. पोस्टमनला त्यांनी फाटकाबाहेर पिटाळलं, काकूंच्या भावाला पाण्याच्या टाकीवर चढवलं, आणि खुद्द काकांच्या पोटरीचा चावा घेतला. अनोळखी माणसानं मात्र पावाचा तुकडा टाकला की ती त्याच्या मागं मागं मुकाट चालायची. शेवटी ती दूधवाल्याला देऊन टाकली. दूधवाल्याला कुठल्याही गोष्टीचं अप्रूप वाटे.

अशात एकदा ठेंगू सुरू होईना म्हणून मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणजे गावातली सगळी इंजिनं ज्याच्या हातून गेली असा, कमी बोलणारा गडी. त्यानं ठेंगूचं पुढचं झाकण वर केलं, इंजिनाच्या कडेला असलेली एक काळी डबी उघडली आणि आतून करंगळीएवढा एक तुकडा काढून तो काकूंच्या तळहातावर ठेवला. “एवढं धरा वहिनी, मी आत साफ करतो.”

काकूंनी तो तुकडा उलटापालटा करून पाहिला. “हे कशासाठी असतं?”

“हा आत फिरतो तेव्हा ठिणगी पडते.”

“आणि हा नसला तर?”

“मग काय, फिरवत बसा हँडल. जागचा हलणार नाही.”

काकूंनी पुन्हा एकदा त्या तुकड्याकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. काकू बोलत नसल्या की काहीतरी शिजतंय, हे काकांना लग्नानंतर लवकरच कळलं होतं. पण त्या दिवशी त्यांचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी सगळी कुलपं काढली, हँडल लावलं आणि फिरवायला घेतलं. ठेंगू ढिम्म. फिरवून फिरवून खांदे भरून आले, तोंडाला फेस आला. त्यांनी मिस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पेट्रोल विकणाऱ्याचा केला, शेवटी ठेंगूच्या चाकाला लाथ घालून स्वतःचाच अंगठा धरून बसले. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. बशीत, जिथं बिस्किट असायचं, तिथं तो काळा तुकडा होता. त्याला साखरेचे चार दाणे चिकटलेले होते.

“तुमची सगळी कुलपं शाबूत आहेत ना?” काकूंनी विचारलं. “होती ना सगळी? तरी बघा, काल संध्याकाळपासून अख्खा ट्रॅक्टर साखरेच्या डब्यात होता.”

काका चिडले, मग हसले. पिशवीभर कुलपांनी जे झालं नाही ते या बाईनं एका डब्यात केलं होतं. त्या तुकड्याला दोघांनी तिथल्या तिथं नाव दिलं, करंगळी.

त्या दिवसापासून एक रीतच पडली. संध्याकाळी ठेंगू शेडमध्ये लागला की काकूंनी पुढचं झाकण उचलायचं आणि करंगळी काढून एप्रनच्या खिशात टाकायची. काकांनी तोवर ट्रॅक्टरकडं पाठ करून बागेकडं तोंड करायचं. करंगळी कुठं लपवली ते काकांना कधीही सांगायचं नाही. रोज नवी जागा. सकाळी ती काकांच्या चहाच्या बशीत हजर व्हायची, पण डबीत बसवायची काकूंनीच. पुढच्या झाकणाला काकांनी हातसुद्धा लावायचा नाही, तो प्रांत काकूंचा.

“मला का नाही सांगायचं?” काका सुरुवातीला फुरंगटून म्हणाले होते. “मी काय चोर आहे?”

“चोर नाही हो, पण चोरानं नुसते डोळे वटारले तरी तुम्ही त्याला जागा दाखवाल, वर चहा पाजाल. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही.”

काकांनी हे मान्य केलं. पण बायको ट्रॅक्टरचा जीव खिशात घालून चालली आणि आपण हात हलवत मागून जायचं, हे काकांच्या मनाला पटेना. मग त्यांनी स्टीअरिंगचा मधला नट असा बसवून घेतला की तो हातानं फिरवून काढता यावा. संध्याकाळी ते स्टीअरिंग काढून खांद्यात अडकवायचे आणि घरी येऊन स्वयंपाकघरात दारामागच्या खुंटीला टांगायचे. एकीकडं टोप्या, मध्ये छत्री, शेवटी स्टीअरिंग. पाहुणे विचारायचे, हे इथं काय? काका म्हणायचे, “ट्रॅक्टर आहे. बाकीचा बाहेर उभा आहे.”

लेक लहान होती तेव्हा ते स्टीअरिंग तिचंच होतं. बादली उपडी घालून ती बसायची, स्टीअरिंग मांडीवर घ्यायची आणि चुलीपासून माळ्याच्या शिडीपर्यंत सगळं घर फिरून यायची. “आई, बाजूला हो, पेट्या घेऊन चाललेय!” काकू हातातलं पातेलं सावरत खरोखरच भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या. गाडी गेली की पुन्हा चुलीशी. काकांना पुढं या घरातलं पुष्कळ काही आठवायचं, पण सगळ्यात जास्त हे आठवायचं. पातेलं घेऊन भिंतीला चिकटलेली बायको, आणि तोंडानं घरघर आवाज काढत चाललेली लेक.

या व्यवस्थेत एक गोम होती. नवरा-बायकोचं भांडण झालं की ट्रॅक्टर बंद. काकू रुसल्या की चहा यायचा, पण बशीत करंगळी नसायची. मग काकांनी काय ते समजायचं. म्हणून फवारणीच्या आणि तोडणीच्या दिवसांत काकांइतका गोड नवरा पंचक्रोशीत सापडला नसता. ताट वाढायच्या आधी हात धुऊन हजर, भाजीत मीठ जास्त पडलं तरी “वा!”. दूधवाल्याची बायको तर म्हणायची, “आमच्याही ट्रॅक्टरचं असलं काही काढून देता का वहिनी?” पण त्यांचा ट्रॅक्टर कधीच गेला होता.

आणि एकदा चोर खरोखरच आले. लेकीच्या शाळेत कसलासा कार्यक्रम होता, दोघं सकाळीच गावात गेली होती. दुपारी परत येऊन बघतात तो फाटक सताड उघडं, शेडची दोन्ही कुलपं तुटलेली, चाकाची साखळी कापलेली, आणि ठेंगू उताराच्या खालच्या चरात नाक खुपसून उभा. चोरांनी हँडल फिरवून पाहिलं असणार, मग ढकलून नेऊ म्हणून शेडमधून बाहेर काढला असणार. स्टीअरिंगच नाही तर वळवणार काय? उतार मिळताच ठेंगू आपल्या मर्जीनं चरात जाऊन बसला. काका तुटलेली कुलपं गोळा करत होते आणि एकेकाचं नाव घेऊन हळहळत होते. काकूंनी खांद्यावरची पर्स उघडली, रुमालाच्या घडीतून करंगळी काढली आणि काकांच्या नाकासमोर धरली.

“शाळेत सगळा वेळ हिनं भाषणं ऐकली,” त्या म्हणाल्या.

काकांनी त्या दिवशी उरलेली सगळी कुलपं एका बादलीत टाकली आणि बादली माळ्यावर ठेवून दिली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

मग वर्षं गेली. लेक शिकली, लग्न होऊन शहरात गेली, तिला मूल झालं. ठेंगू म्हातारा झाला, काकाही झाले. त्यांचा चष्मा कपाळावर असायचा आणि ते घरभर शोधत फिरायचे. काकू उठायच्यासुद्धा नाहीत, बसल्या जागेवरून म्हणायच्या, “काखेत कळसा आणि गावाला वळसा!” इतक्यांदा म्हणायच्या, की नंतर नंतर नुसतं “काखेत” म्हटलं तरी काकांचा हात कपाळाकडे जायचा.

शेवटच्या वर्षी काकूंना दम लागायला लागला. शेडपर्यंत जाताना त्या मध्ये एकदा झाडाला धरून थांबायच्या. काका म्हणाले, “राहू दे ना आता. कोण नेतंय या म्हाताऱ्याला?” काकू म्हणाल्या, “कुणाला म्हणता? ठेंगूला की तुम्हाला?” पण रीत चुकवली नाही. त्याच दिवसांत त्या खिडकीशी बसून निळ्या लोकरीचं काहीतरी विणत असायच्या. मुठीएवढी टोपी. काकांनी विचारलं, “नातवाची का? त्याच्या डोक्याला पुरायची नाही ही.”

“पुरेल ज्याला पुरायची त्याला,” काकू म्हणाल्या. “बाहेर थंडी-वाऱ्यात असतं बिचारं. ओल बाधते.”

नातू शहरात चौथ्या मजल्यावर राहायचा. त्याला कसली ओल बाधते? पण काकांनी पुढं विचारलं नाही. बायकांच्या विणकामात पडू नये, एवढं त्यांना कळत होतं.

दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळीही दोघं शेडमध्ये गेली. काकांनी स्टीअरिंग काढलं आणि बागेकडं तोंड करून उभे राहिले. त्या दिवशी काकूंना जरा जास्त वेळ लागला. झाकण करकरलं, मग बराच वेळ काही आवाज नाही, मग पुन्हा करकरलं. “चला,” काकू म्हणाल्या. येताना त्यांनी काकांचा दंड धरला होता आणि बोटांचं काळं ग्रीस एप्रनला पुसलं होतं. हे काकांना पुढं स्वच्छ आठवायचं. अर्थ मात्र लागला नव्हता.

दवाखान्यात खाटेशेजारी बसून बसून काकांना बोलायला काही सुचेना, तेव्हा त्यांनी विचारलं, “करंगळी कुठं ठेवलीस गं?”

काकू हसल्या. हसायलाही त्यांना श्वास पुरत नव्हता. “तुम्हाला शोधावी लागणार नाही,” त्या म्हणाल्या.

म्हणजे ही घरी परत येणार आणि स्वतः काढून देणार, असं काकांनी धरलं. त्यांना इतकं बरं वाटलं की ते व्हरांड्यात जाऊन दोन कप चहा प्याले. काकू परत आल्या नाहीत.

पाहुणे आले, गेले. लेक राहिली, मग तिलाही जावं लागलं. घर रिकामं झालं तेव्हा एका सकाळी काकांनी स्वतःच चहा केला, कपात ओतला, आणि रिकाम्या बशीकडं बघून त्यांना एकदम जाणवलं, की करंगळी या घरातच कुठंतरी आहे आणि ती कुठं आहे हे सांगणारं माणूस नाही.

त्यांनी शोधायला सुरुवात केली. आधी साखरेचा डबा. तो रिकामा करून पाहिला तर तळाला एक काळपट वर्तुळ दिसलं, ग्रीसचं, कधीचं तरी. घड्याळाच्या पेटीत तसंच वर्तुळ. शिवणयंत्राच्या खणात. त्यांच्या लग्नातल्या बुटाच्या चवड्यात. लेकीच्या जुन्या बाहुलीच्या पोटात, जिथली शिवण उसवून पुन्हा घातली होती. शाळेतल्या कार्यक्रमाच्या फोटोच्या मागं. प्रत्येक ठिकाणी करंगळी येऊन गेली होती, आणि प्रत्येक वर्तुळापाशी काकांना एकेक सकाळ आठवायची. बुटातली आली तेव्हा चहाच्या बशीत पॉलिशचा वास होता आणि ते कुरकुरले होते. बाहुलीत लपवली त्या दिवशी लेक रडली होती. इतकी वर्षं ही बाई रोज संध्याकाळी या घरात हिंडत होती, नवी जागा शोधत होती, आणि आपण हात-पाय धुऊन जेवायची वाट बघत बसायचो, असं त्यांना वाटायचं. मग ते तिथंच डबा मांडीवर घेऊन बसून राहायचे. शोधायचं काम असं रेंगाळायचं.

इकडं बागेत गवत गुडघ्याच्या वर गेलं. फवारणी चुकली. एकदा रस्त्यानं जाताना मिस्त्री थांबला, कुंपणापाशी येऊन म्हणाला, “काका, नवीन तुकडा मिळतो. मागवू का?”

“नको.”

“मग झाकण उघडून बघू का एकदा?”

“काय बघणार? रिकामं घर,” काका म्हणाले. “तिनं आयुष्यात कधी ती तिथं राहू दिली नाही.” आणि जरा थांबून म्हणाले, “नवीन घातली ना, तर मी शोधायचं सोडून देईन. तिनं शेवटी कुठं ठेवली ते मग कधीच कळायचं नाही मला.”

मिस्त्रीनं मान हलवली आणि तो गेला. काका मात्र शांत झोपत होते. ठेंगूला कुणी नेऊ शकत नाही, त्याचा जीव घरात आहे, याची त्यांना खात्री होती.

लेकीला हे कसं पटावं? ती फोनवर म्हणायची, “बाबा, बाग रानटी झालीय असं दूधवाले काका सांगतात. तुम्ही एकटे तिथं काय करता?” काय करता याचं उत्तर ‘तुझ्या आईनं लपवलेलं शोधतो’ असं देता येत नव्हतं. शेवटी तिनं ठरवून टाकलं. तोडणीच्या आत ठेंगू सुरू झाला आणि बाग हातात आली तर काका इथं राहतील. नाही तर बाग दूधवाल्याला कसायला द्यायची, ठेंगू विकायचा आणि काकांनी शहरात यायचं. काका ‘बरं’ म्हणाले. त्यांना वाटलं होतं, तोवर सापडेल. फळं रंगावर आली तरी सापडली नाही.

मग लेक आली. तिनं गिऱ्हाईकही ठरवलं होतं, तो दुपारी गाडी घेऊन येणार होता, आणि चालू असला तरच नेईन म्हणाला होता. म्हणून मिस्त्रीही आला, खिशात नवा तुकडा घेऊन. काकांनी काही वाद घातला नाही. सकाळपासून त्यांनी आपली बॅग भरून दाराशी ठेवली होती. फक्त स्टीअरिंग खुंटीवरून काढताना त्यांचा हात थांबला, आणि लेकीनं तोंड दुसरीकडं वळवलं.

जाता जाता काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, “त्याला ती टोपी झाली का गं? निळी?”

“कसली टोपी?”

“आईनं विणली होती ती. नातवाला.”

“आईनं टोपी कधी दिली?” लेक म्हणाली. “नाही बाबा, काहीच नाही आलं.”

शेडमध्ये मिस्त्री झाकणाला हात घालणार, तेवढ्यात काका म्हणाले, “थांब. ती जागा तिची आहे. एकदा मीच उघडतो.” इतक्या वर्षांत त्यांनी त्या झाकणाला पहिल्यांदा हात लावला. ते करकरलं, अगदी तसंच.

आत इंजिनावर धूळ होती, कोळ्याचं जाळं होतं, आणि कडेच्या काळ्या डबीवर निळ्या लोकरीची मुठीएवढी टोपी नीट ओढून बसवलेली होती. खालून नाडी होती. नाडीची गाठ काकूंची, दोन फास आणि वर एक वेढा, एप्रनला मारायच्या तशी.

काकांनी गाठ सोडली. टोपी काढली, डबी उघडली. करंगळी आत होती. पुसून, बसवून, जिथली तिथं.

“म्हणजे हा इतके दिवस...” मिस्त्री म्हणाला आणि त्याला हसू आवरेना. “काका, अहो, कुणीही हँडल मारलं असतं तरी सुरू झाला असता की हो!”

काकांना आधी हसूच आलं. मग त्यांना त्या संध्याकाळचा तो जास्तीचा वेळ आठवला, दवाखान्यातलं वाक्य आठवलं, आणि ते चाकावर हात टेकून रडले. बायको गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते. “तिला माहीत होतं गं,” ते लेकीला म्हणाले. “परत यायचं नाही हे तिला माहीत होतं. मी शोधत बसेन म्हणून काढलीच नाही तिनं. मला सांगितलंसुद्धा, शोधावी लागणार नाही म्हणून. आणि मी काय केलं? अख्खं घर उपसलं.”

लेकीचेही डोळे वाहत होते. “आई काय म्हणाली असती बाबा?”

“काखेत कळसा,” काका म्हणाले.

“आणि गावाला वळसा,” लेकीनं पुरं केलं.

मिस्त्रीनं जुनं पेट्रोल काढून नवं ओतलं. नवा तुकडा त्याच्या खिशातच राहिला. स्टीअरिंग काकांनी बसवलं, हँडलही त्यांनीच मारलं. ठेंगू खोकला, थांबला, पुन्हा खोकला, आणि मग असा काही धडधडू लागला की छपरावरची धूळ खाली आली. लेक बाहेर गेली. कुंपणापाशी उभी राहून ती फोनवर गिऱ्हाइकाला सांगत होती, “नाही, विकायचा नाही. हो, चालू आहे. म्हणूनच विकायचा नाही.” मग ती दाराशी ठेवलेली बॅग आत ठेवून आली.

दुपारभर काकांनी गवत कापलं. लेक पायरीवर बसून बघत होती. खालच्या ओळीतून ठेंगू वर यायचा तेव्हा काका तिच्याकडं बघून उगाचच हॉर्न वाजवायचे.

ऊन उतरल्यावर ठेंगू शेडमध्ये लागला. काकांनी स्टीअरिंग काढून खांद्यात अडकवलं. मग झाकण उचलून त्यांनी निळी टोपी डबीवर चढवली आणि जमेल तशी गाठ मारली.

“करंगळी नाही काढायची?” लेकीनं विचारलं. “चोर आले म्हणजे?”

“आले तर आले. तिनं ठेवलीय ती राहू दे तिथं,” काका म्हणाले. “स्टीअरिंग आहे ना माझ्याकडं.”

झाकण लावून ते शेडच्या दारापाशी आले आणि सवयीनं ठेंगूकडं पाठ करून, बागेकडं तोंड करून उभे राहिले. लेकीला वाटलं, ते झाडं बघताहेत. मग तिच्या लक्षात आलं आणि तीही तशीच उभी राहिली. काकूंना लागायचा तेवढा वेळ गेल्यावर काका म्हणाले, “चला,” आणि दोघं घराकडे निघाली.